गोरखची अर्धी सावड

गोरख मुलं सांभाळायचं शिकायला कॉलेजात जातो, हे पाली गावाला पहिल्यांदा एसटीत कळलं. तोवर तो घरी आणि पारावर 'बीए करतोय' एवढंच सांगत होता. दर रविवारी सकाळच्या गाडीनं नसरापूर, तिथून पुढं भोर आणि संध्याकाळी परत. त्या रविवारी परतताना मार्गासनीच्या वळणावर ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि गोरखची पिशवी वरच्या फळीवरून खाली आली. तिच्यातून एक कापडी बाहुली, जुन्या मोज्याचा केलेला ससा, एक खुळखुळा आणि 'बालक व युवक संगोपन' असं ठसठशीत नाव छापलेलं पुस्तक बाहेर पडलं आणि सगळं ठकुबाईच्या मांडीवर जाऊन विसावलं.

ठकुबाई म्हणजे गोरखची भावकीतली चुलती. दुसऱ्या कुणाच्या मांडीवर पडलं असतं तर झाकलं गेलं असतं. तिनं ससा कानाला धरून वर उचलला, सगळ्या गाडीला दिसेल असा, आणि विचारलं, "कुनाला झालं रं गोरख? पोरगा का पोरगी?"

गोरखनं खाली मान घालून सांगितलं की कुणाला काही झालेलं नाही, हे अभ्यासाचं आहे. कसला अभ्यास, ते सांगावं लागलं. पालीचा फाटा येईपर्यंत गाडीतल्या प्रत्येकानं ससा एकदा हातात घेऊन पाहिला होता. कंडक्टरनं तर बोट घालून त्याला मान डोलवायला लावली.

दुसऱ्या दिवसापासून पारावरच्या पोरांनी त्याला 'गोरखमावशी' म्हणायला सुरुवात केली.

खरं म्हणजे गोरखला ही आवड लहानपणापासून वगैरे काही नव्हती. तो दरसाल पोलीस भरतीला पळायचा. पळताना त्याच्या पुढं नेहमी बरीच माणसं असायची आणि मागं थोडी, आणि सरकारला पुढची हवी असत. मधल्या काळात तो गावामागच्या गडावर येणाऱ्या ट्रेकर लोकांच्या गाड्या लावून घ्यायचा. मग भोरच्या एका कॉलेजात बाहेरून पदवी करायचं केंद्र निघालं. तिथल्या माणसानं सांगितलं की वसतिगृहात, बालगृहात मुलांची देखभाल करायला शिकलेली माणसं लागतात आणि ह्या पदवीला पुरुष फार येत नाहीत, त्यामुळे स्पर्धा कमी. गोरखला त्यातलं शेवटचंच नीट ऐकू आलं.

वर्गात गेल्यावर कळलं की चाळीस बायका आणि हा एकटा. पहिले काही रविवार तो दाराजवळ बसला, म्हणजे कुणी ओळखीचं दिसलं तर उठून जाता येईल. पण हळूहळू त्याला त्या पुस्तकाची गोडी लागली. इतकी लागली की घरातल्यांना नको झालं. मूल हट्ट करत नाही, ते आपली गरज मांडतं. मूल रडत नाही, ते संवाद साधतं. हे तो भेटेल त्याला ऐकवू लागला. ठकुबाईची पाच वर्षांची नात राजनंदिनी एकदा अंगणात गडाबडा लोळत होती, तेव्हा त्यानं ठकुबाईला हा संवादाचा मुद्दा सांगितला. ठकुबाई म्हणाली, "मग तिला म्हनावं वाईच कमी संवाद साध. म्हस दूध द्यायची थांबलीया."

गोरख हसला नाही. शिकलेल्या माणसानं अडाणी माणसाच्या बोलण्यावर कसं शांत राहायचं, तसा तो शांत राहिला. हे त्याला नवंच जमायला लागलं होतं आणि ते फार चीड आणणारं होतं.

तिसऱ्या वर्षी आषाढात अडचण आली. पदवीच्या शेवटी प्रात्यक्षिक होतं. महिनाभर मुलांचा एक गट चालवायचा, रोज काहीतरी उपक्रम घ्यायचा आणि शेवटच्या आठवड्यात कॉलेजातून सुलक्षणा मॅडम येऊन बघून जाणार. इकडे आषाढ म्हणजे पालीत भाताची लावणी. आणि लावणी म्हणजे सावड.

पालीत मजूर लावून भात लावणारं घर विरळाच. आज सगळ्यांनी तुझ्या रानात, उद्या माझ्या, परवा तिसऱ्याच्या. तुझ्या घरची जितकी माणसं माझ्या चिखलात उतरली, तितकी मी तुझ्या चिखलात उतरवायची, ही सावड. कुणी कुणाचं किती माणूस देणं लागतं हे कुठं लिहिलेलं नसतं. पालीत ते ठकुबाईच्या डोक्यात असतं, आणि तिच्या डोक्यातलं खोडायला कुणाची छाती होत नाही.

गोरखच्या घरून दरसाल दोन माणसं जायची, आई धोंडाबाई आणि बाप धनाजी. त्यामुळे त्यांच्या लावणीला घरटी दोन माणसं यायची आणि दिवस मावळायच्या आत सगळी खाचरं हिरवी व्हायची. त्यांचं रान ओढ्यालगत, खोलगट, एका दिवसात उरकलं नाही तर चिखल बसून घट्ट होणारं. पण यंदा धनाजीच्या मणक्यात गॅप निघाला. डॉक्टरनं वाकू नका म्हणून सांगितलं. धनाजीला डॉक्टरचं एवढं एकच म्हणणं आयुष्यात पटलं आणि तो ओसरीवर भिंतीला टेकून मोबाईलवर कुस्त्या बघू लागला. आता गोरख चिखलात उतरला तर प्रात्यक्षिक बुडणार, आणि नाही उतरला तर रान अर्धं उघडं राहणार.

तोडगा धोंडाबाईला सुचला. लावणीच्या दिवसात गावातली बारकी पोरं बांधावर आयांच्या मागं भुणभुण करतात, ओढ्याकडं धावतात, एखादं विंचू दडलेल्या दगडावर बसतं. प्रत्येक आईचं अर्धं लक्ष चिखलात आणि अर्धं बांधावर असतं. ही सगळी पोरं गोरखनं देवळाच्या मंडपात सांभाळायची. त्याचं प्रात्यक्षिक होईल, बायांचे हात मोकळे होतील, आणि गोरखचा दिवस सावडीत धरायचा. ती भीत भीत ठकुबाईकडं गेली. धोंडाबाई कमी बोलणारी बाई. एवढं बोलायला तिला ठकुबाईच्या अंगणातले पाच किलो तांदूळ निवडून व्हावे लागले.

ठकुबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बघू."

हे गोरखला घरी कळलं तेव्हा तो खूश झाला. तीन वर्षं शिकून त्याला मुलांच्या मनातलं कळू लागलं होतं, पण जन्मभर पालीत राहून ठकुबाईच्या 'बघू'चा अर्थ कळला नव्हता.

मंडप सुरू झाला. पहिल्या दिवशी पोरं आली ती आयांनी हाकलली म्हणून, दुसऱ्या दिवशी मोज्याच्या सशासाठी, आणि आठवड्यानं आपणहून. गोरखनं भिंतीला चित्रं लावली, मोठ्या पोरांना छोट्यांच्या जोड्या लावून दिल्या, रोज सकाळी 'आज तुला कसं वाटतंय' असा गोल करून बसवायचं ठरवलं. पोरांना रोज भूक लागल्यासारखंच वाटायचं. राजनंदिनीला मात्र एक दिवस वाईट वाटलं, कारण आजीनं शेंगदाण्याचा लाडू कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. हे तिनं गोलात सांगितलं आणि दुपारपर्यंत सगळ्या गावाला ठकुबाईच्या कुलपाची बातमी होती. गोरखनं त्याला 'भावना मोकळी होणं' म्हटलं. ठकुबाईनं त्याला जे म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

पण पोरं घरी सुकी जात होती. कुणी ओढ्यात पडलं नाही, कुणाला काही चावलं नाही. बाया खाचरात वाकून गप्पा मारत होत्या आणि बांधाकडं मान वळवत नव्हत्या. लावणी दरसालपेक्षा लवकर पुढं सरकत होती, आणि त्याचं श्रेय सगळ्यांनी पावसाला दिलं.

धोंडाबाईच्या रानाची पाळी शेवटची. तिच्या आदल्या दुपारी तिनं तरवा, म्हणजे भाताची रोपं, उपटून जुड्या बांधल्या, टिलरवाल्याकडून चिखलणी करून घेतली आणि ठकुबाईला विचारायला गेली की उद्या माणसं कशी येणार. गोरखही मागं उभा होता.

ठकुबाईनं सांगितलं की घरटी एक येईल, धोंडाबाईच्या बदल्यात.

आणि गोरखची, धोंडाबाईनं विचारलं.

"गोरखची कशाची?" ठकुबाई म्हणाली. "त्यो शिकतोय. त्याला शिकायला पोरं लागत व्हती, आमी आमची पोरं दिली. सायन्सवाल्याला बेडूक लागतो तसं. सारा म्हयना वापरली, आमी काय म्हनलो का? खरं तर त्यानंच आमची सावड फेडाय पायजे. पर जाऊ दे, घरचाच हाय."

पुस्तकात अशा प्रसंगी शांतपणे आपली बाजू मांडावी असं होतं, पण आपली बाजू कुठली हेच गोरखला क्षणभर समजेना. ठकुबाई बोलते तेव्हा असंच होतं. घरी पोचेपर्यंत आपलंच चुकलं असं वाटत राहतं. वाटेत धोंडाबाई एवढंच म्हणाली की निम्मं रान जाणार. आणि त्यात भर म्हणजे, सुलक्षणा मॅडम उद्याच येणार होत्या.

सकाळी घरटी एक बाई आली. ठकुबाई स्वतः आली, कारण ओळी सरळ लागतात का नाही हे ती दुसऱ्या कुणावर सोपवत नसे. दरसाल बरोबर तिची सून वैष्णवी यायची, तिला यंदा तिनं मुद्दाम घरी ठेवलं. सगळ्यांनी डोक्यावर मेणकापडाच्या खोळी घेतल्या आणि वरच्या खाचरात उतरल्या. ओढ्यालगतची खालची दोन खाचरं तशीच पडून राहिली. जुड्या बांधावर ठेवलेल्या. मधे उंच बांध आणि निरगुडीचं दाट झुडूप, त्यामुळे वरून खालचं काही दिसत नव्हतं.

गोरख मंडपात पोरांचा गोल करून बसला होता. आज कसं वाटतंय हे त्यानं विचारलं नाही. त्याच्या डोळ्यापुढं त्या जुड्या होत्या. मग त्याला एक विचार सुचला. तो चांगला नव्हता, हे त्याला सुचतानाच कळलं, म्हणून त्यानं लगेच त्याला पुस्तकातलं नाव दिलं. पुस्तकात 'परिसरातून शिक्षण' असा एक धडा होता.

पोरांना तो ओढ्याकडून, मागच्या वाटेनं खालच्या खाचरात घेऊन गेला.

पोरांना आणखी काय पाहिजे. रोज ज्या चिखलापासून त्यांना धपाटे घालून लांब ठेवलं जायचं, त्याच चिखलात शिकलेला माणूस जा म्हणत होता. ती उतरली नाहीत, पडली. गोरखनं जुड्या सोडून दिल्या, चार-चार काड्या कशा धरायच्या, अंगठ्यानं कशा दाबायच्या ते दाखवलं. मोठी पोरं शर्यत लावून लावू लागली. बारकी अंगावर लावू लागली. राजनंदिनीनं आपली ओळ बांधापासून सुरू करून थेट ओढ्याकडं नेली, आणि वाटेत आलेल्यांना ढकलून दिलं. काही रोपं तिरकी, काही नुसती तरंगत, काही मुळं आभाळाकडं करून उभी. पण खाचर भरत होतं, आणि गोरख बांधावर उभा राहून मोजत होता की या हिशेबानं जेवणापर्यंत एक खाचर होईल. मुलांच्या हक्कांवरचा धडा त्याला पाठ होता. तो त्या दिवशी त्याला आठवला नाही, असं तो नंतर म्हणायचा. आठवला होता.

सुलक्षणा मॅडम मार्गासनीपर्यंत एसटीनं आणि पुढं कुणाच्या तरी टेम्पोनं आल्या. देवळात कुणी दिसेना, म्हणून विचारत विचारत त्या ओढ्याच्या वाटेनं आल्या आणि त्यांना चिखलात लडबडलेली, हातात भाताची रोपं घेतलेली वीसेक मुलं दिसली.

आता पदवी गेली, असं गोरखनं धरून टाकलं.

मॅडमनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "किती सुंदर."

मग त्यांनी मोबाईल काढला. राजनंदिनीचा फोटो, चिखलाच्या हातांचा फोटो, नुसत्या चिखलाचा फोटो. त्या म्हणाल्या की इतकी वर्षं त्या विद्यार्थ्यांना हेच सांगतायत, चार भिंती सोडा, पण ऐकतं कोण. सगळे आपले छापील तक्ते लावून बसतात. ही कल्पना गोरखला कशी सुचली, असं त्यांनी विचारलं. गोरख म्हणाला, मुलांचा मातीशी संबंध जोडावा असं वाटलं. हे म्हणताना त्यानं बांधावर उरलेल्या जुड्यांकडं पाहिलं नाही. मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

भाकरीची वेळ झाली तेव्हा वरच्या बाया हात धुवायला ओढ्याकडं आल्या. ठकुबाई पुढं होती. निरगुडीच्या पलीकडं तिनं पाऊल टाकलं आणि थांबली. तिची नात कमरेपर्यंत काळी झाली होती आणि हातात जुडी धरून ओरडत होती, "आजे, माझी वळ सगळ्यात लांब हाय."

ठकुबाईनं ओळीकडं बघितलं. मग गोरखकडं. मग परत ओळीकडं. कशाचा राग जास्त आला हे तिचं तिलाही ठरवता येईना. मॅडम हसत पुढं आल्या, पालकांचा सहभाग बघून आनंद झाला म्हणाल्या. ठकुबाईनं त्यांना बाजूला सारलं.

"आमची पोरं फुकटात राबवतो व्हय रं?" ती म्हणाली. "सावड देनार न्हाई म्हनल्यावर पोरांच्या हातनं काढून घेतोस? हे चालनार न्हाई. ह्या पोरांची सावड धरायची. पोर तितं अर्धी बाई. धोंडे, तुला ही समदी फेडाय लागनार."

मागच्या बायांनी माना हलवल्या. पोरांचं काम काम असतं, यावर सगळ्यांचं तिथंच एकमत झालं. मॅडम गोंधळून एकीकडून दुसरीकडं बघत होत्या. गोरखला तोंड लपवायला जागा नव्हती.

धोंडाबाई बांधावर बसली होती, पायाचा चिखल काढत. ती उठली नाही. म्हणाली, "धरा की आक्का. पोराची अर्धी धरा. पर मग पोरांचं चिखलात खेळनं काम झालं न्हवं?"

"झालंच की."

"मग खेळवनं बी कामच हाय. म्हयनाभर."

एक बाई पदराआड हसली आणि तिचं हसू ठकुबाईनं बघितलं. ठकुबाईला आयुष्यात कुणी बोलण्यात धरलं नव्हतं, आणि धरलं ते तांदूळ निवडून देणाऱ्या धोंडीनं. शेवटी ती म्हणाली की बरं, धरू, पण पुरी नाही. पुरी सावड चिखलात वाकणाऱ्याची. जो दिवसभर ताठ बसला त्याची अर्धी.

आता अर्धी सावड म्हणजे घरटी अर्धं माणूस, आणि अर्धं माणूस चिखलात उतरत नाही. मग दोन घरांत मिळून एक असं ठरलं, आणि कुठलं घर कुठल्या घराबरोबर यावरून आणखी थोडं भांडण झालं. एवढ्यात ठकुबाईची नजर परत राजनंदिनीच्या ओळीवर गेली. ती सापासारखी ओढ्याकडं गेली होती आणि अर्ध्या रोपांची मुळं वर होती.

"हे असं ठिवायचं?" ती म्हणाली. "गडावर जानारी मानसं वरनं बघत्यात. पालीच्या बायांनी लावलंय म्हनतील."

भाकरी तशीच राहिली. ठकुबाई खाचरात उतरली आणि पहिलं रोप उपटून सरळ लावलं. तिच्या मागं सगळ्या उतरल्या. वैष्णवीला आणि बाकीच्यांना बोलवायला एक पोर गावात पळालं. वाकडी ओळ उपटायची आणि गोरखला एक शिवी द्यायची, असं करत दिवस मावळायच्या आत दोन्ही खाचरं लागली. धनाजीनं ओसरीवरून विचारलं की झालं का. पोरं बांधावर ओळीनं बसून सगळं बघत होती, आणि गोरख ओढ्याच्या पाण्यानं एकेकाचे पाय धूत होता. मॅडमनी जाण्याआधी वहीत 'मातांचा उत्स्फूर्त सहभाग' असं लिहिलं.

गोरखला प्रात्यक्षिकात सगळ्यांत जास्त गुण मिळाले. कॉलेजच्या भिंतीवर राजनंदिनीचा चिखलातला फोटो लागला. खाली 'मुक्त बालपण' असं लिहिलं होतं. गोरख त्या भिंतीजवळून जाताना जरा भराभर चालायचा. पदवी मिळाली, आणि किकवीच्या पुढं मुलांच्या एका वसतिगृहात त्याला नोकरीही लागली. तिथली मुलं त्याला सर म्हणतात. पालीत तो मावशीच आहे, पण आता त्यात जरा कमी हसू असतं, कारण अर्धी का होईना, पोरं सांभाळण्याची सावड धरली गेली ती त्याच्यामुळे.

पुढच्या आषाढात गोरख नोकरीवर होता. पोरं पुन्हा बांधावर भुणभुणली, एक ओढ्यात घसरलं, आणि लावणी दोन दिवस लांबली. ह्या वेळी दोष पावसाला दिला.

दिवाळीत तो सुट्टीवर आला तेव्हा ठकुबाई घरी आली. हातात शेंगदाण्याचे लाडू होते, म्हणजे काम होतं. बऱ्याच वेळानं कळलं की तिनं वैष्णवीचं नाव भोरच्या कॉलेजात घातलंय, त्याच पदवीला. सूनबाई मंडपात बसली की घरची सावड लागते, चिखलात उतरायला नको, आणि पुढच्या लावणीपासून ती पुरी धरायची असं ठकुबाईनं ठरवूनही टाकलं होतं.

गोरख म्हणाला, "काकू, ताठ बसनाऱ्याची अर्धी म्हनला व्हता न्हवं?"

"त्ये तुझं व्हतं," ठकुबाई म्हणाली. "पुस्तकं काढ. आन पैशाचं नाव काढू नगं. आमच्याच पोरांवर शिकलास."

गोरखनं पुस्तकं काढून दिली. मोज्याचा ससा मात्र त्यानं मागं ठेवून घेतला. ठकुबाईनं तो बघितला, आणि जाताना तोही घेऊन गेली.